पाल्य ओरडते आहे, पालक कुठे आहेत?

मंडळी, आज गोड गोड काही नाही. आज भांडण आहे.

भांडण संगणकातल्या एका सवयीशी आहे. एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला कामाला लावतो. दुसरा अडचणीत येतो आणि तसे स्पष्ट सांगतो. पहिला ते सांगणे न वाचताच फेकून देतो आणि आपल्याला पडद्यावर हिरवी खूण दाखवतो, "काम यशस्वी". याला आमच्या शाळेत खोटे बोलणे म्हणत. हे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी मात्र त्याला 'वापरणाऱ्याची सोय' म्हणतात! माझा राग त्या सोयीवर आहे.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलात, तुम्हाला यातले काय कळते? रास्त प्रश्न आहे. बी. ए. मराठी माध्यमातून झाले, संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो पन्नाशीनंतर. निवृत्त झाल्यावर भाचीने पायथन शिकवायला घेतले आणि मला ते शुद्धलेखनाच्या नियमांपेक्षा सोपे वाटले. (व्याकरण इथेही कडक आहे, पण अपवाद कमी!) तेव्हा खाली लिहिलेले बरेचसे स्वतः करून पाहिलेले आहे. नातेवाईक मंडळींनी घाबरू नये, कोड एक ओळसुद्धा नाही.

आधी थोडी ओळख. संगणकाच्या भाषेत जो कामाला लावतो तो 'पेरेंट प्रोसेस' आणि ज्याला कामाला लावले ते 'चाइल्ड प्रोसेस'. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर आपण 'पालक' आणि 'पाल्य' असे लिहीत आलो, तेच शब्द मी इथे वापरते. आपण वापरतो त्यातले पुष्कळ प्रोग्रॅम स्वतः थोडेच काम करतात. व्हिडिओ लहान करून देणारी एखादी सुबक खिडकी आतून एफएफएमपेग नावाच्या पाल्याला हाक मारते. छापील पानाचे चित्र वाचून त्याचा मजकूर करून देणारी खिडकी टेसरॅक्टला हाक मारते. यात गैर काहीच नाही. छोटे छोटे प्रोग्रॅम, प्रत्येकाने एकच काम नीट करावे आणि एकाचे काम दुसऱ्याच्या हाती द्यावे, ही युनिक्सची मूळ शिकवणच आहे. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात, बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडाव्यात तसे प्रोग्रॅम जोडता यावेत, अशी इच्छा लिहून ठेवली होती. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी 'पाइप' बनवून ती खरी केली.

प्रत्येक पाल्याला जन्मतःच तीन वाटा मिळतात. ० क्रमांकाची आत येण्याची, म्हणजे इनपुट. १ क्रमांकाची काम बाहेर देण्याची, म्हणजे आउटपुट. आणि २ क्रमांकाची, जिला स्टँडर्ड एरर म्हणतात, ती तक्रारीची. या तीन वाटा कुठे जोडायच्या हे पालक ठरवतो. म्हणजे पाल्य बोलले तर कोण ऐकणार, हे पूर्णपणे पालकाच्या हातात असते.

ही तिसरी वाट आली कशी, त्याची गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीच्या युनिक्समध्ये ती नव्हतीच. काम आणि तक्रार एकाच वाटेने बाहेर येत. बेल लॅब्जमध्ये तेव्हा फोटोटाइपसेटर होता, म्हणजे प्रकाशाने अक्षरे उमटवून छपाईचा मजकूर जुळवणारे यंत्र. त्याचा कागद रसायनातून काढून धुवावा लागे. तिथल्या स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगून ठेवले आहे की, एका दुपारी बऱ्याच जणांवर एकच प्रसंग आला. सगळा खटाटोप करून कागद धुऊन बाहेर काढावा, तर त्यावर सुरेख जुळवलेली एकच ओळ, अमुक फाइल उघडता आली नाही! कुरकुर योग्य माणसांच्या कानांवर गेली आणि थोड्याच दिवसांत तक्रारीसाठी वेगळी वाट निघाली. आपण ती पन्नास वर्षांनंतरही वापरतो आहोत.

नीट पाहा, त्या लोकांनी तक्रार बंद केली नाही. काम बिघडू नये आणि तक्रारही माणसापर्यंत पोचावी, म्हणून तिला स्वतंत्र रस्ता करून दिला. आणि आज आपण काय करतो? त्या रस्त्याच्या टोकाला खड्डा खणतो. युनिक्समध्ये '/डेव्ह/नल' नावाची एक जागा आहे, तिच्यात टाकलेले सगळे नाहीसे होते. २ क्रमांकाची वाट तिकडे वळवली की झाले, पाल्याने कितीही ओरडावे. पायथनमध्येही २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून त्यासाठी तयार शब्द आहे. तो शब्द असण्याला माझी हरकत नाही. कधी कधी खरोखरच काही ऐकायचे नसते. हरकत आहे ती उठसूट तो वापरण्याला.

यात बिघडते काय, ते सांगते. आमच्या एका शाळेचे जुने वार्षिक अंक मजकुरात आणायचे असे माजी विद्यार्थ्यांनी ठरवले. वर्गणी काढली, एका विक्रेत्याकडून प्रोग्रॅम विकत घेतला, ३१२ पाने स्कॅन केली. प्रोग्रॅमने रात्रभर काम करून सकाळी सांगितले, "३१२ पैकी ३१२ पाने पूर्ण". 'काम झाल्यावर मूळ चित्रे काढून टाका' या चौकटीत टिकमार्क विक्रेत्याकडूनच केलेला होता, तेव्हा चित्रेही गेली. अंक आता संगणकात आले म्हणून शाळेने कपाट रिकामे केले. पंधरा दिवसांनी मजकूर उघडला तर त्यात मराठी शब्द औषधालाही नाही! पानेच्या पाने रोमन अक्षरांची भेळ.

भाचीने तोच टेसरॅक्ट काळ्या खिडकीत हाताने चालवून पाहिला. पहिल्याच ओळीत त्याने सांगितले की मराठीची माहिती असलेली फाइल उघडता येत नाही. ती फाइल विक्रेत्याने सोबत दिलीच नव्हती. प्रोग्रॅम टेसरॅक्टला 'मराठी अधिक इंग्रजी' वाचायला सांगत होता. अशा वेळी एक भाषा मिळाली नाही तर टेसरॅक्ट तसे तक्रारीच्या वाटेवर सांगतो आणि उरलेल्या भाषेने काम पुढे रेटतो. म्हणजे आमची देवनागरी पाने तो इंग्रजी समजून वाचत होता आणि प्रत्येक पानाला बजावत होता की मराठी मिळालेली नाही. ३१२ वेळा बजावले त्याने. विक्रेत्याच्या प्रोग्रॅमची पायथन फाइल उघडीच होती. भाचीने ती वाचली, तर तक्रारीची वाट सरळ खड्ड्यात सोडलेली.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरने एरर दाखवली नाही, म्हणजे एरर आलेली नव्हती." घ्या! कानात बोळे घालून बसायचे आणि वर म्हणायचे की कोणी हाक मारली नाही.

त्या अंकांत १९७२ च्या दुष्काळावर नववीतल्या एका मुलीने लिहिलेला लेख होता. खडी फोडायला गेलेल्या आईबरोबर तीही जात असे, त्याचे वर्णन. मी तो वर्गात वाचून दाखवला होता. तीन अंक माजी विद्यार्थ्यांच्या घरी सापडले. तो अजून कोणाकडे सापडलेला नाही.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे मांडते, कारण भांडण न्यायाने करावे. ही सवय असलेली मंडळी साधारण चार गोष्टी सांगतात.

पहिली, "तक्रारीच्या वाटेवर नुसता कचरा येतो." हे अर्धे खरे आहे. एफएफएमपेग आपली आवृत्ती, प्रगती, सगळे काही त्याच वाटेने सांगतो. कर्ल आणि गिट किती टक्के काम झाले ते तिथेच लिहितात. तेव्हा त्या वाटेवर काही आले म्हणजे काम बिघडलेच, असे धरणे चूक आहे. पण म्हणून वाचायचेच नाही? वर्गात साठ पोरे गलका करत असतात म्हणून पडलेल्या पोराचे रडणे ऐकायचे नाही? निदान ते सगळे एका फाइलीत साठवून ठेवा. बिघडले तर कोणाला तरी ती उघडता येईल. आमच्या ३१२ ओळी साठवल्या असत्या तर पंधरा मिनिटांत सगळे कळले असते.

दुसरी, "आम्ही एक्झिट कोड तपासतो, तेवढे पुरते." एक्झिट कोड म्हणजे पाल्य संपताना हातात देते ते प्रगतिपुस्तक. शाळेत शून्य म्हणजे नापास, इथे मात्र शून्य म्हणजे पास आणि बाकीचा प्रत्येक आकडा नापासाचा वेगळा प्रकार. शेलमध्ये १२७ म्हणजे तसा प्रोग्रॅमच सापडला नाही, १३७ म्हणजे बहुधा कोणीतरी मध्येच मारून टाकला. उत्तम सोय आहे, तपासायलाच हवी. पण आमच्या प्रकरणात टेसरॅक्टने शून्यच दिले असते! एक भाषा मिळाली, पाने वाचून झाली, त्याच्या हिशेबी काम पूर्ण. शिवाय अनेक पाल्ये पाइपने ओळीत जोडली की शेल सहसा शेवटच्याचेच प्रगतिपुस्तक दाखवतो. डेटाबेसची प्रत काढणारा पहिला प्रोग्रॅम कोसळला, पुढच्या जीझिपने रिकामा मजकूर नीट आवळून दिला, तरी निकाल शून्य! रोजचा बॅकअप रोज यशस्वी आणि रोज रिकामा. हे बंद करायला 'पाइपफेल' नावाची कळ आहे. बॅशमध्ये ती २००४ पासून आहे आणि २०२४ च्या पॉझिक्स प्रमाणातही आली. वापरायला पैसे पडत नाहीत.

तिसरी, "मग दोन्ही वाटा एक करून टाकू, काही हरवणार नाही." म्हणजे पुन्हा फोटोटाइपसेटरच्या जमान्यात! तक्रार मजकुरात मिसळली की वार्षिक अंकातल्या कवितेच्या मधोमध 'भाषा मिळाली नाही' असे छापले जाणार. नुसत्या डोळ्यांनी पाहायचे असेल तेव्हा एक करा. त्या मजकुराचे पुढे काही करायचे असेल तर दोन वाटा दोनच ठेवा.

चौथी, आणि माझ्या सर्वांत जास्त डोक्यात जाणारी, "सामान्य माणसाला ते कळत नाही, तो घाबरतो." हा सामान्य माणूस म्हणजे मी. मला टेसरॅक्टची इंग्रजी ओळ नसती कळली, कबूल. पण ती ओळ मी भाचीला पाठवली असती. तिला कळली असती. डॉक्टर रिपोर्ट आपल्या हातात देतात तेव्हा त्यातले सगळे आपल्याला कळते म्हणून देत नाहीत. कळणाऱ्याला दाखवता यावा म्हणून देतात. मला न कळणारी खरी ओळ द्या. मला कळणारी खोटी हिरवी खूण नको.

आणि तक्रार न ऐकण्याचे दुष्परिणाम पालकालाही भोगावे लागतात, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुण मंडळींना सांगितले पाहिजे. पाइप म्हणजे अथांग विहीर नव्हे. लिनक्सवर तो साधारणपणे ६५,५३६ बाइट्सचा हौद असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट्स घेते, म्हणजे जेमतेम २१,८०० चिन्हे, काना-मात्रा-वेलांट्या धरून. समजा पालक आउटपुटची वाट शेवटपर्यंत वाचत बसला आणि तक्रारीची वाट उघडी ठेवूनही तिच्याकडे बघितलेच नाही. पाल्य तक्रारी लिहीत राहते. हौद भरतो. आता पालकाने उपसल्याशिवाय पाल्याला पुढे लिहिता येत नाही, म्हणून ते थांबते. ते थांबले म्हणून आउटपुट येत नाही. आउटपुट येत नाही म्हणून पालक वाट बघत बसतो. दोघेही एकमेकांसाठी थांबलेले, जन्मभर! याला 'डेडलॉक' म्हणतात. गंमत अशी की लहान चाचणीत हौद भरतच नाही, सगळे छान चालते. खऱ्या कामाच्या दिवशी, मोठ्या फाइलवर, मध्यरात्री अडकते.

तसेच इनपुटचे. 'सॉर्ट'सारख्या प्रोग्रॅमला शेवटची ओळ मिळेपर्यंत पहिली ओळ कोणती ते ठरवता येत नाही. पालकाने सगळ्या ओळी दिल्या पण 'संपले' म्हणून वाट बंद केली नाही, तर पाल्य पुढच्या ओळीची आशा धरून बसते. दोष पाल्याचा नाही. तुम्ही बोलणे संपवलेच नाहीत!

या दोन्ही दुखण्यांवर औषध फार पूर्वी मिळालेले आहे. पेटर ओस्ट्रांड यांच्या २००३ च्या प्रस्तावातून पायथनमध्ये 'सबप्रोसेस' आले, २००४ च्या २.४ आवृत्तीत. त्यातले 'कम्युनिकेट' इनपुट देते, ती वाट बंद करते, दोन्ही वाटा एकाच वेळी उपसते आणि पाल्य संपेपर्यंत थांबते. २०१५ पासून 'रन' आहे, त्याला 'चेक' सांगितले की नापासाचा आकडा आला तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो. नुसते 'वेट' करून हौद भरू देऊ नका, असा इशारा पायथनच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. म्हणजे अज्ञानाची सबब चालणार नाही. आळसाची सांगा हवी तर.

आणखी एक. पाल्य संपले तरी पालकाने येऊन निकाल घेतला नाही तर युनिक्स त्या पाल्याची नोंद खोडत नाही. त्याला 'झोंबी' म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. ते बिचारे काम करून, प्रगतिपुस्तक हातात घेऊन, शाळेच्या फाटकाशी उभे असते, आणि घेऊन जायला कोणी आलेले नसते. भूत म्हणायचेच असेल तर दुसऱ्या कोणाला तरी म्हणा.

तर माझ्या मागण्या. फार नाहीत.

पाल्याला काम देताना आज्ञा आणि फाइलींची नावे वेगवेगळी द्या, सगळे एका वाक्यात कोंबून शेलकडे सोपवू नका. 'वार्षिक अंक १९७४' या नावात मोकळ्या जागा आहेत आणि शेलला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. मजकुराचे एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट सांगा, विशेषतः विंडोजवर, नाहीतर मराठी तक्रार वाचतानाच पालक कोसळतो. दोन्ही वाटा वाचा. निकाल घ्या. तक्रार साठवा आणि ती कुठे साठवली ते वापरणाऱ्याला सांगा. पायथनचा प्रोग्रॅम 'चेक'मुळे थांबतो तेव्हा फक्त आकडा दाखवतो, पाल्याचे शब्द दाखवत नाही. ते तुम्ही मुद्दाम छापायचे असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणीतरी तयार मजकूर डोळ्यांनी पाहून 'ठीक' म्हणेपर्यंत मूळ वस्तूला हात लावू नका. शून्य आकडा हा पुरावा नव्हे.

इथे येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरात कोणी ना कोणी हेच काम करते. हिंजवडीत, बंगळुरूला, नाहीतर साता समुद्रापलीकडे. आज रात्री जेवताना किंवा फोनवर त्यांना एवढेच विचारा, "अरे, तुझ्या प्रोग्रॅममध्ये २ नंबरच्या वाटेवर जे येते त्याचे तू काय करतोस?" लगेच उत्तर आले तर मुलगा, सून, जावई जे असेल ते गुणी आहे असे समजा. "ते म्यूट केलंय" असे उत्तर आले तर हा लेख वाचायला द्या. आजकाल कोडही यंत्राकडून लिहून घेतात म्हणे. मग तर तो वाचून पाहण्याची जबाबदारी दुप्पट झाली.

शिक्षकाला उत्तर चुकलेला मुलगा चालतो. चुकले की विचारता येते, पुन्हा समजावता येते. पाटी झाकून "झालं बाई" म्हणणाऱ्याला काहीच शिकवता येत नाही.

असो. रक्तदाब वाढायच्या आत थांबते.

ता. क. : १९७२ ते १९७५ दरम्यानचा कुठल्याही शाळेचा वार्षिक अंक घरी असेल तर तो रद्दीत देऊ नका. संगणकात घातला असेल तरीही!